आवडला, आवडली, आवडलं

सुक्या बोंबलांच्या डब्याच्या तळाशी आई जाड कागद घालते. परवा डबा रिकामा झाला. तो उन्हात ठेवायचा म्हणून तिने तळाचा कागद बाहेर काढला, झटकला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्यो कागद बरो आसा गो. दोन वर्सां झाली, फाटूक नाय. तसले आणखी आसत काय तुझ्या हापिसात?"

कागद मूळचा फिकट पिवळा. आता त्याच्यावर बोंबलांच्या तपकिरी रेघा उमटलेल्या, आणि वास तर असा की पंखा लावला तरी हटेना. वरच्या कोपऱ्यात ‘मुलींसाठी’ असं छापलेलं. खाली पानाचा आकडा, सहा. मध्ये ठळक अक्षरांत प्रश्न: ‘तुला कधी एखादा मुलगा आवडला आहे का?’ त्याखाली बारीक अक्षरांत सूचना: ‘उत्तर नाही असेल तर पुढचे प्रश्न सोड आणि थेट पान आठवर जा.’

हे वाक्य माझं आहे. त्यावर माझं नाव नाही, पण ते लिहिलं मीच, आणि लिहून झाल्यावर स्वतःवर खूश झाले होते तीही मीच.

"नाहीत आणखी," मी आईला सांगितलं. हे खोटं होतं. दिंडोशीच्या आमच्या दोन खोल्यांत माळा म्हणून जी फळी आहे, तिच्यावर त्या कागदांचा एक कोरा गठ्ठा अजून पडून आहे.

ऑक्टोबर आला की मला हल्ली काही सुचेनासं होतं. लोकांना या महिन्यात फराळाचे वेध लागतात, मला शाळेच्या जिन्यांचा वास येतो. सहामाही परीक्षा संपलेली असते आणि दिवाळीची सुट्टी लागायची असते, अशा मधल्या आठ-दहा दिवसांत शाळा कशी सैल पडते ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. बाई पेपर तपासत बसतात, मुलं कंदिलाच्या झिरमिळ्या कापत बसतात. फळ्यावर परीक्षेचं वेळापत्रक तसंच असतं, पुसायचं कुणाच्या लक्षात येत नाही. ऊन असं पडतं की खिडकीशेजारचा बाक कुणाला नको असतो. आमच्यासारख्या सर्वेक्षणवाल्यांना शाळा हेच दिवस देतात. एरवी कोण देणार दोन तास?

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस आहे. खालच्या मजल्यावर बटणं बनतात, वरच्या मजल्यावर आम्ही माणसं मोजतो. साबण कुठला वापरता, पाणी उकळून पिता का, मोबाइल किती वेळ बघता. मी तिथली मराठीवाली ताई. इंग्रजी प्रश्नावली आली की ती मराठीत आणायची आणि मग मुलामाणसांपुढे ठेवायची, हे माझं काम. गिरणी कामगाराची मुलगी मी, पण मराठीत मी कधी कुणाला चूक काढू दिली नाही. ‘मी तुझी मदत केली’ असं कुणी म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. ऑफिसात सगळे मला त्यावरून चिडवतात. चिडवोत.

तर तीन वर्षांपूर्वी किशोरवयीन मुलांचं एक मोठं सर्वेक्षण आलं. झोप, जेवण, अभ्यासाची काळजी, एकटेपणा, असं सगळं. आणि त्यात दोन पानं अशी, जी बघून आमच्या मॅडमनी आधी दार लावून घेतलं. या वयातल्या मुलामुलींना कुणाविषयी ओढ वाटते, मुलाविषयी की मुलीविषयी, दोघांविषयी की कुणाविषयीच नाही, आणि ती स्वतःला काय म्हणवतात. उगाच चौकशी म्हणून नव्हतं ते. ज्यांची ओढ चारचौघांसारखी नसते, ती मुलं जास्त एकटी पडतात का, त्यांची झोप उडते का, हे बघायचं होतं. आणि ती मुलं किती आहेत हेच माहीत नसेल तर त्यांच्यासाठी काही मागायचं तरी कुणाकडे? मला ते पटलं होतं. आजही पटतं, म्हणूनच जास्त त्रास होतो.

पहिली पंचाईत शब्दांची झाली. इंग्रजीत जे शब्द सरळ येतात, ते मराठीत एक तर शब्दकोशातून उतरतात नाही तर शिवीतून. ‘तुला कुणाविषयी आकर्षण वाटते?’ असं लिहून मी मुलुंडच्या एका वर्गात चाचणी घेतली, तर पहिल्या बाकावरच्याने विचारलं, "बाई, म्हणजे गुरुत्वाकर्षण का?" ‘भिन्नलिंगी’, ‘समलिंगी’ हे शब्द ठेवले, तर ‘तू स्वतःला काय म्हणवतेस?’ या प्रश्नापुढे एकीने सुवाच्य अक्षरात ‘स्त्रीलिंग’ असं लिहिलं. व्याकरणाचा तास नुकताच संपला असावा. आम्ही पोट धरून हसलो. ती पोर बिचारी आपल्या परीने बरोबरच सांगत होती.

मग मी सगळे जड शब्द काढून टाकले आणि ‘आवडणं’ घेतलं. मुलं आपापसात तेच बोलतात. "तिला तो आवडतो यार," असंच म्हणतात. ओढ, आवड, एवढंच ठेवलं. काम झकास झालं असं मला वाटलं.

दुसरी पंचाईत मात्र मराठीच्या हाडातच आहे. आपल्याला साधं ‘काल तू कुठे गेला होतास’ विचारायचं तरी समोरचा बाप्या आहे की बाई ते आधी ठरवावं लागतं. त्यामुळे प्रत्येक प्रश्नात तिरप्या रेघा. एकटा-तिरपी रेघ-एकटी, जागा-तिरपी रेघ-जागी, गेलास-तिरपी रेघ-गेलीस. पान बघून डोळे तिरळे व्हायची वेळ आली. मला ते सहन होईना. मीच सुचवलं, की मुलांसाठी वेगळा कागद काढू आणि मुलींसाठी वेगळा. मुलांचा पांढरा, मुलींचा पिवळा. भाषा कशी सरळ होईल बघा. मॅडमना आवडलं. आकडेमोड बघणारा निलेश, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तो म्हणाला, "ताई, तू असलीस की टेन्शनच नाय."

मग मी बसले आणि दोन्ही कागद सरळ करत गेले. मुलींच्या कागदात सगळीकडे गेलीस, राहिलीस, एकटी, जागी. आणि त्याच झपाट्यात पान सहावर आले. मूळ इंग्रजीत तिथे मुलगा नव्हता, मुलगीही नव्हती. कुणी आवडलंय का, एवढंच होतं. पण ‘कुणी आवडलं’ हे माझ्या कानाला लंगडं वाटलं. आवडलं म्हणजे काय? आंबा आवडतो, भाजी आवडते, गाणं आवडतं. माणूस कसं आवडलं होईल? तो आवडतो नाही तर ती आवडते. मुलींचा कागद आहे, तेव्हा ‘एखादा मुलगा आवडला’. मुलांचा आहे, तेव्हा ‘एखादी मुलगी आवडली’. वाक्य उभं राहिलं. माझ्यानंतर तीन माणसांनी ते वाचलं. कुणालाही काही खटकलं नाही, कारण ते चांगलं मराठी होतं.

खारदांड्याजवळच्या एका शाळेत आम्ही दिवाळीच्या आठवडाभर आधी गेलो. दांड्यात त्या दिवसांत बोंबील सुकत असतात. बांबूच्या मांडवांवर रांगेने टांगलेले, ऊन पिऊन पारदर्शक होत चाललेले. वारा समुद्रावरून आला की शाळेचे तिन्ही मजले त्या वासाने भरतात. दांड्यातल्या पोरांना त्याचं काही नसतं. इमारतींतून येणारी पोरं नाकाला रुमाल लावतात आणि दांड्यातली पोरं त्यांच्याकडे बघून मान फिरवतात. मला तो वास घरचा. मी मुद्दाम मोठा श्वास घेतला, तर शेजारी उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागल्या.

पालकांची संमती लागायची. बऱ्याच चिठ्ठ्या मुलांबरोबर आल्या. एक आई मात्र चिठ्ठी घेऊन स्वतः आली. मासळी विकून थेट तशीच आली होती, रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून. मुख्याध्यापकांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

"बाय, ह्या कागदावर काय लिवलाय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. झोप, जेवण, अभ्यास, मनातल्या काळज्या.

"मनातला पन इचारताव?"

"हो. पण नाव कुणी लिहायचं नाही. आम्हालासुद्धा कळत नाही कुणी काय लिहिलं ते."

तिने चिठ्ठीची घडी सरळ केली. "पावसाल्यापासून पोरगी घरान बोलं नाय. जेवते, कामाला हात लावते, पन बोलं नाय. मना नाय सांगत तर नाय. तुमाला लिवल तर लिवल." मग तिने सही केली. हिरा. पेन परत देताना म्हणाली, "तुमी बराबर उतरून घ्या हा."

"घेऊ," मी म्हटलं.

ती गेल्यावर वर्गशिक्षिका सांगायला लागल्या, की मुलगी हुशार आहे, नववीत पहिल्या पाचात असते. तिच्या बाकावरची मैत्रीण पावसाळ्यात शाळा सोडून गेली, वडिलांनी विरारला घर घेतलं म्हणून. तेव्हापासून ही गप्प आहे. "होतं हो असं या वयात," त्या म्हणाल्या. "दोघी सारख्या एकत्र. आता कुणी शेजारी बसलेलं चालत नाही हिला." मीही मान डोलावली. होतं असं या वयात.

वर्गात मी कागद वाटले. शिक्षकांना बाहेर थांबायला सांगितलं, मुलांना एकाआड एक बसवलं. नावाऐवजी प्रत्येकाने स्वतःचा संकेतांक करायचा होता: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्माचा दिवस, आडनावाचं शेवटचं अक्षर. पुढच्या वर्षी ही मुलं दहावीत गेली की पुन्हा यायचं आणि तोच संकेतांक जुळवायचा, अशी योजना. मी पाठ केलेलं भाषण म्हटलं. यात बरोबर-चूक काही नाही, खरं तेच लिहा, इथला कागद शाळेत राहणार नाही.

वर्ग शांत होता. बाहेरून कंदिलाचे कागद कापल्याचा कर्रकर्र आवाज. थोड्या वेळाने खिडकीशेजारच्या बाकावरून, म्हणजे जो कुणाला नको होता त्या उन्हातल्या बाकावरून, एक हात वर आला. दोन घट्ट वेण्या, उजव्या हाताच्या बोटाला पट्टी. शेजारची जागा रिकामी.

"बाई, खोडलं तर चालेल का?"

"आपलं उत्तर खोडून दुसरं लिहिलं तर चालेल," मी म्हटलं.

"उत्तर नाही. प्रश्न."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. मला वेळ सांभाळायची होती, अजून दोन वर्ग बाकी होते. "प्रश्न नाही खोडायचा. जे छापलंय त्याचंच उत्तर द्यायचं," मी म्हटलं. हे आमच्या नियमातच होतं. तिने हात खाली घेतला. मग ती खाली मान घालून लिहायला लागली.

थट्टेची भानगड इथे सांगायला हवी. या वयातली मुलं अशा कागदांवर मस्करी करतात, आणि ते साहजिक आहे. एकाने उंची लिहिली, आमच्या बिल्डिंगएवढी. एकाने लिहिलं की तो रोज चाळीस वडापाव खातो आणि त्याला सतरा भावंडं आहेत. असा मुलगा पान सहावर आला की तिथेही सगळीकडे खुणा करून मोकळा. एरवीच्या प्रश्नांत असे चार मस्करीखोर मिसळले तर फरक पडत नाही. पण ज्या गोष्टीला ‘हो’ म्हणणारे मुळात मूठभर, तिथे दोन थट्टेखोरांनी चित्र पार बदलतं. खऱ्या मुलांच्या नावावर यांची टवाळी मोजली जाते. म्हणून निलेशने नियम केला होता: अशक्य उत्तरं, चित्रं, छापील मजकुरावर खाडाखोड, असं काही असेल तर तो कागद थट्टेच्या गठ्ठ्यात. त्यावर माझी सही. नियम वाईट नव्हता. मी अजूनही तो वाईट म्हणणार नाही.

ऑफिसात टेबलावर पांढरे-पिवळे ढीग पडले होते. निलेश एकेक कागद चाळून माझ्यापुढे सरकवत होता.

"ताई, हे बघ. छापलेलं खोडलंय. थट्टा?"

पान सहा. ‘एखादा मुलगा’ यावर फूटपट्टीने मारलेली आडवी रेघ, आणि वर बारीक अक्षरात ‘कुणीतरी’. पुढे ‘आवडला’ या शब्दातल्या शेवटच्या अक्षराचा काना खोडलेला, आणि त्यावर एक टिंब. तुला कधी कुणीतरी आवडलं आहे का? समोर ‘हो’वर खूण.

मी ते पान पाहिलं तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मला नेमकं आठवतं, आणि ते कुणाला सांगायची लाज वाटते. माझ्या मनात आलं, ‘कधी’बरोबर ‘कुणी’ हवं, ‘कुणीतरी’ नाही. नववीतल्या पोरीने माझ्या वाक्यावर पेन चालवलं होतं याचा मला राग आला होता. खोडायचं नाही असं मी स्पष्ट सांगितलं असतानाही. मी कागद उलटला नाही. मागच्या बाजूला पान सात होतं, ते बघायला एक क्षण लागला असता.

"थट्टा," मी म्हटलं आणि सही केली.

हिवाळा गेला, अहवाल इंग्रजीत तयार झाला, आणि शाळांना द्यायला त्याचा सारांश मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. पान सहाच्या मुलींच्या तक्त्याखाली एक ओळ होती, तिचं मराठी मी केलं: ‘मुलींमध्ये समलिंगी ओढीचे प्रमाण नगण्य आढळले.’ नगण्य. चांगला शब्द आहे. जे मोजायचं कारण नाही ते. त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक टीप होती, की पहिल्या प्रश्नाला ज्यांनी ‘नाही’ म्हटलं त्यांना पुढचे प्रश्न विचारलेले नाहीत. तीही मी मराठीत आणली. आणून झाल्यावर ती पुन्हा वाचली. मग घरी आल्यावर माळ्यावरचा पिवळा कागद काढून त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्ही वाचले.

एखादा मुलगा आवडला आहे का? नाही. मग जा पान आठवर. जिला मुलगी आवडते तिने आणखी काय सांगायचं होतं? ‘तुला कोण आवडतं’ हा प्रश्न ज्यांच्यासाठी होता, त्यांना दारातूनच परत पाठवण्याची सोय मी केली होती, तीही शुद्ध मराठीत. इतक्या वर्गांतल्या इतक्या मुली सूचना पाळून निमूट पुढच्या पानावर गेल्या. एकीने तेवढं दार उघडून घेतलं, तर तिला मी टवाळ ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी बाद कागदांची पेटी शोधून काढली. ते पान काढलं आणि या वेळी उलटलं. पान सातवर ‘तुला कुणाविषयी ओढ वाटते?’ याच्यापुढे ‘फक्त मुलींविषयी’ अशी खूण होती, एकच, नीट चौकटीत. ‘आणखी काही सांगायचं असेल तर इथे लिही’ अशी जी जागा आम्ही सोडतो, जी मुलं नेहमी कोरी ठेवतात, तिथे लिहिलं होतं: ‘ती विरारला गेली.’ संकेतांकाचं पहिलं अक्षर हि होतं.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मी उगाच त्यांना वाईट ठरवणार नाही. त्या म्हणाल्या, आता माहिती बंद झाली आहे, अहवाल गेला आहे. एक कागद परत घेऊन काय होणार? आणि पान सहाच चुकलं असं म्हटलं तर सगळंच पुन्हा करावं लागेल. "पुढच्या फेरीत दुरुस्त करू. तूच कर." निलेश माझ्याबरोबर होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "वाट लागली ना ताई?" मी म्हटलं, आपली नाही.

त्या संध्याकाळी मी हे सगळं आईला सांगितलं. तिला सर्वेक्षण वगैरे कळत नाही असं मी धरून चालते. ती बोंबलांची डोकी मोडत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "मगे मी तुका इचारलंय तेव्हा कसा इचारलंय? कोण आवाडता काय गो तुका? तसाच इचारूचा होता."

खरंच. मी चोवीस वर्षांची असताना स्थळं यायला लागली, तेव्हा एकदा भांडी घासताना आईने मला असंच विचारलं होतं. कोण आवाडता काय गो. आवाडतो नाही, आवाडती नाही. आमच्या मालवणीत ते इतकं सहज येतं की तिला त्यात काही विशेष केल्यासारखं वाटलं नव्हतं. चौथी शिकलेल्या बाईला जो प्रश्न विचारता आला, तो मी मराठीवाली असून विचारू शकले नाही. मी तेव्हा तिला ‘कोणच नाय’ असं उत्तर दिलं होतं. ऑफिसात एकजण होता, पण मी नाही म्हटलं. माझं खोटं सोपं होतं. तो पुढे लग्न करून मोकळा झाला, मी चार दिवस रडले, आणि ज्या मैत्रिणींना सांगितलं त्यांनी मला चहा पाजला. मला सांगायला मैत्रिणी होत्या. विरारला गेलेल्या मुलीबद्दल ती पोर कुणाला सांगणार होती? तिने एका कागदाला सांगितलं.

पुढच्या ऑक्टोबरात आम्ही दुसऱ्या फेरीला गेलो. या वेळी पान सहा मी असं लिहिलं: ‘तुला कधी कुणीतरी आवडलं आहे का?’ मुलांच्या कागदावर तेच आणि मुलींच्या कागदावर तेच. निलेशने विचारलं, "ताई, ‘कुणी’ पाहिजे ना इथे? तूच शिकवलंस." मी म्हटलं, राहू दे. तिचा शब्द तिला जसाच्या तसा परत करायचा होता. त्याने काही भरून निघेल अशी माझी समजूत होती. खरं सांगायचं तर मी त्या दिवसाची वाटच बघत होते.

दांड्यात बोंबील सुकत होते. शाळेच्या फाटकाशी हिराबाई भेटली, मला तिनेच ओळखलं.

"पोरगी आता बोलते हा," ती हसून म्हणाली. "हासते, नटते, पोरींबरोबर फिरते. दहावी झाली की पावन्यांकडं लग्नाला जावाचा म्हनते. तुमच्या कागदावर लिवला तेव्हापासून बरी झाली बघा. तुमी वाचला ना बराबर?"

"वाचलं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

ती दहावीत होती. या वेळी मधल्या रांगेत, दोन मैत्रिणींच्या मध्ये. वेण्यांच्या जागी एक वेणी, बोटाला पट्टी नाही. मी भाषण म्हटलं. खरं तेच लिहा, हे वाक्य म्हणताना मी तिच्याकडे बघायचं टाळलं. कागद वाटले, एकाआड एक बसवलं. मग मी टेबलाशी उभी राहिले आणि पानं उलटल्याचे आवाज मोजू लागले. तिने पाचवं पान उलटलं. सहाव्या पानावर ती थांबली.

तिने तो प्रश्न वाचला असणार, कारण तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. ओळखलं होतं तिने. राग नव्हता त्या नजरेत. मला वाटतं, एवढंच होतं की आता कशाला? मी काहीतरी करायला हवं होतं. मान डोलवायला हवी होती, निदान हसायला तरी. मी घड्याळात बघितलं.

सगळ्यांत आधी तिचाच कागद आला. तो उलटा ठेवायचा असतो, तिने सुलटा ठेवला, पान सहा वर करून. मी बघायला नको होतं. बघितलं. ‘नाही’वर खूण होती, नीट चौकटीत. सूचनेप्रमाणे पुढची जागा कोरी.

"या वेळी खोडलं नाही, बाई," ती म्हणाली आणि मैत्रिणींसाठी दाराशी जाऊन उभी राहिली.

ऑफिसात निलेश संकेतांक जुळवत होता. तिच्यापाशी आल्यावर अडला. पहिल्या फेरीत हा संकेतांक नव्हता, कारण बाद कागद नोंदलेच जात नाहीत.

"हि-वाली पोरगी गेल्या वर्षी नव्हती. नवीन टाकू?"

पान स्वच्छ होतं. त्याच्यावर खाडाखोड नव्हती, उत्तरांत विसंगती नव्हती, थट्टेचं कुठलंच चिन्ह नव्हतं. मी सही केली, आणि ते आम्ही मोजलं.